गिरणी कामगार खरेच किती तास काम करी? एका जुन्या आरोपाची उलटतपासणी

१/
नारायण मेघाजी लोखंडे यांच्यावरील मागच्या धाग्याखाली एका वाचकाने लिहिले होते : “कामगार बारा-तेरा तास गिरणीत असे हे खरे, पण त्यातला निम्मा वेळ तो बाहेर विड्या ओढत बसे. हे मी म्हणत नाही, ब्रिटिश अहवालांतच नोंदले आहे. मग रविवारच्या सुट्टीचे एवढे कौतुक कशाला?” या मताला अनेकांनी दुजोराही दिला.

एका ओळीच्या उत्तराने हा आरोप निकालात निघणार नाही. त्याचे वय शंभर वर्षांहून अधिक आहे आणि त्यात सत्याचा अंशही आहे. म्हणून आजचा संपूर्ण धागा त्यालाच वाहिला आहे.

२/
आरंभीच माझी भूमिका सांगतो. मुंबईचा गिरणी कामगार कामाच्या वेळेत यंत्र सोडून जात असे, ही वस्तुस्थिती आहे. त्या वस्तुस्थितीवरून काढलेला “तो कामचुकार होता” हा निष्कर्ष मात्र साफ खोटा आहे.

त्याचे हे उठून जाणे म्हणजे कामातून चोरलेला वेळ नव्हता. कायद्याने आणि मालकाने जी विश्रांती द्यायला हवी होती आणि दिली नव्हती, ती त्याने तुकड्यातुकड्यांनी घेतलेली होती. मालकांना हे पुरते ठाऊक होते. त्यांनी ती सोय चालू दिली आणि पुढे तिचाच पुरावा करून तासांच्या मर्यादेला विरोध केला. हे कसे घडले ते क्रमाने पाहू.

३/
कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ‘बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी’ स्थापन केली. १८५६ मध्ये तिची ताडदेवची गिरणी सुरू झाली. पुढच्या तीन-चार दशकांत परळ, लालबाग, भायखळा, चिंचपोकळी या भागांत धुरांड्यांचे रान उभे राहिले.

या गिरण्यांत कामाचा दिवस सूर्य ठरवी. पहाट फुटली की भोंगा, अंधारले की सुट्टी. हिवाळ्यात दिवस आखूड, उन्हाळ्यात लांब. शेतकरीही उगवतीपासून मावळतीपर्यंत राबतो, मग यात वेगळे ते काय, असे तेव्हाही विचारले जाई. उत्तर सोपे आहे. बैल दमला की शेतकरी थांबतो. वाफेचे इंजिन दमत नाही. एका लांब दांड्यावरून, पट्ट्यांच्या साहाय्याने ते शेकडो साचे आणि हजारो चात्या एकदम फिरवते, आणि एका माणसासाठी ते थांबत नाही.

४/
दिवस एवढा लांब का ठेवला जाई? “मालक लोभी होते” असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण इतिहास त्याहून नेमका आहे.

गिरणीचा कारभार बहुधा मॅनेजिंग एजंटांकडे असे. आरंभीच्या दशकांत त्यांचे कमिशन नफ्यावर ठरत नसून उत्पादनावर ठरत असे. सुताच्या दर पौंडामागे पाव आणा हा प्रसिद्ध दर. भागधारकाला लाभांश मिळो न मिळो, सूत जितके अधिक निघेल तितके एजंटाचे पदरी अधिक पडे. यंत्र अर्धा तास जास्त चालले, की त्या अर्ध्या तासाचे पाव आणे त्याचे. असा माणूस यंत्र लवकर बंद करील कशाला?

५/
आता कायदा पाहा. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कारखान्यात मनाई केली आणि सात ते बारा वयाच्या मुलांचे काम नऊ तासांवर आणले. प्रौढ स्त्री-पुरुषांच्या तासांविषयी त्यात एक अक्षर नव्हते.

सात वर्षांचे मूल नऊ तास. हा आकडा पुन्हा वाचा, कारण हा “सुधारणेचा” कायदा होता.

६/
१८८४ च्या सप्टेंबरात लोखंड्यांनी मुंबईत कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारपुढे ठेवले. मागण्या अशा : आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुट्टी. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे. मागील महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार आणि कायमचे अपंगत्व आल्यास निर्वाहाची सोय.

ही यादी नेहमी “मागण्या” म्हणून वाचली जाते. एकदा ती “काय नव्हते याची सूची” म्हणून वाचून पाहा.

७/
दुपारी अर्धा तास मागावा लागला, याचा अर्थ दुपारी हक्काचा अर्धा तासही नव्हता. रविवार मागावा लागला, याचा अर्थ सुट्टीची शाश्वती नव्हती; सुट्टी असली तरी यंत्रे पुसायला कामगाराला बोलावले जाई.

म्हणजे सकाळी सहाच्या सुमारास गिरणीत शिरलेल्या माणसाला जेवायला, पाणी प्यायला, शौचाला जायला, दोन घटका पाठ टेकायला ठरलेली अशी वेळच नव्हती. आता सांगा, तो यंत्र सोडून उठला नसता तर जेवला केव्हा असता?

८/
२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली.

१८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टी आणि मध्यान्हीचा अर्धा तास सर्वांना लागू केला. स्त्रियांसाठी अकरा तासांची मर्यादा घातली, मुलांचे किमान वय नऊ केले. प्रौढ पुरुषाच्या दिवसाला मात्र अजूनही कुंपण नव्हते. त्या मोकळ्या जागेतून पुढे काय शिरले ते पाहा.

९/
विजेचा दिवा शिरला. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरण्यांत विजेची बत्ती आली आणि सूर्याने घातलेली एकमेव मर्यादा संपली. बाजारात तेजी होती. दिवस तेरा-चौदा तासांवर गेला, काही ठिकाणी त्याहूनही पुढे. १९०५ मध्ये या दिवाबत्तीच्या कामाविरुद्ध मुंबईत संप झाले, दंगाही झाला.

तेरा तासांचा दिवस धरला तरी आठवड्याचे ७८ तास होतात. त्याच काळात लँकेशायरच्या गिरण्यांत कायद्याने आठवडा ५५½ तासांचा होता. मुंबईच्या कामगाराचा “आळस” मोजताना त्याची तुलना ज्याच्याशी केली जाते, तो लँकेशायरचा कामगार साडेबावीस तास आधी घरी गेलेला असे.

१०/
आता प्रत्यक्ष खात्यात चला. साचेखात्यात सूत तुटू नये म्हणून हवा मुद्दाम ओलसर ठेवलेली, वर मुंबईचा उकाडा. त्रासनखात्यात कापसाचा तंतू नाकातोंडात. साच्यांचा खडखडाट असा, की शेजाऱ्याशी बोलायचे तर ओठांच्या हालचालीवरून समजून घ्यावे लागे. दिवस तेरा तासांचा, आणि कायद्याचा अर्धा तास एकच. म्हणजे त्याच्या अलीकडे सहा तास आणि पलीकडे सहा तास.

जेवायला वेगळी जागा बहुतेक गिरण्यांत नव्हती. घरून आणलेली भाकरी किंवा खानावळीचा डबा यंत्रांमध्येच, नाहीतर आवारात कुठेतरी बसून खायचा. विडी ओढायची तर आगीच्या भीतीने खात्याबाहेर जावेच लागे. नळ बाहेर, शौचकूप बाहेर. ज्याला अहवाल “रेंगाळणे” म्हणतात, ते घडे ते इथे.

११/
पण एक गोष्ट अहवालांवरून आरोप करणारे विसरतात. कामगार उठला तरी यंत्र बहुधा चालूच असे. शेजारचा सोबती त्याचे साचे पाही. तो परतला की शेजारी उठे. म्हणजे ज्या दहा मिनिटांत एक जण “रिकामा” होता, त्या दहा मिनिटांत दुसरा दोघांचे काम करत होता. निरीक्षकाने आवारात बसलेला माणूस मोजला. आत दुप्पट साचे सांभाळणारा माणूस त्याच्या वहीत आलाच नाही.

१२/
आणि हे मालकाच्या नकळत चालत नव्हते. गिरण्या यंत्रांच्या गरजेपेक्षा अधिक माणसे कामावर ठेवत, कारण कोणत्याही क्षणी काही जण बाहेर असणार हे गृहीतच होते. अधिक माणसे ठेवणे स्वस्त होते. यंत्र थांबवून सर्वांना एकत्र विश्रांती देणे महाग होते.

म्हणजे ही ढिलाई गिरणीच्या रचनेचाच भाग होती. इंजिन न थांबता माणसे आळीपाळीने विसावतील, अशी ती व्यवस्था होती. तिचा लाभ मालकाने घेतला आणि दोष कामगाराच्या माथी मारला.

१३/
आणखी एक मुद्दा. विणकराला मजुरी महिन्याच्या ठरावाने मिळत नसे. त्याने काढलेल्या कापडाच्या मापावर मिळे. कापडात दोष निघाला तर दंड होई, कित्येकदा ते खराब कापडच त्याच्या गळ्यात मारून किंमत पगारातून कापली जाई.

अशा माणसाने विनाकारण साचा बंद ठेवला तर नुकसान आधी त्याचेच. आपलीच मजुरी बुडवून जो माणूस उठतो, तो गंमत म्हणून उठत नाही. त्याचे शरीर त्याला उठवते. कामचुकारपणाचा सिद्धान्त मांडणाऱ्याने आधी या विणकराचे वागणे समजावून सांगावे.

१४/
आता त्या प्रसिद्ध अहवालाकडे वळू. १९०७ मध्ये फ्रीअर-स्मिथ समितीने प्रौढ पुरुषांचा दिवस बारा तासांवर आणावा असे सुचवले. त्यानंतर मॉरिसन यांच्या अध्यक्षतेखाली कारखाना कामगार आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल १९०८ चा. भारतीय कामगाराच्या रेंगाळण्याची चर्चा आज जिथून उचलली जाते, ते हे मुख्य स्थान.

या आयोगापुढे प्रश्न कोणता होता? प्रौढ पुरुषाच्या तासांना कायद्याने मर्यादा घालावी की नाही, हा. मालकवर्गाचे हित कशात होते? मर्यादा न घालण्यात. अशा चौकशीत “हे लोक तसेही सलग काम करत नाहीत” ही साक्ष निरागस निरीक्षण म्हणून वाचता येत नाही. तो एका खटल्यातील पक्षकाराचा युक्तिवाद होता.

१५/
आयोगाच्या बहुमताने पुरुषांच्या तासांवर थेट मर्यादा घालण्यास नकार दिला. मद्रासचे डॉ. टी. एम. नायर यांनी मात्र भिन्नमतपत्रिका जोडून थेट मर्यादेची बाजू घेतली. कागदपत्र तेच, साक्षी त्याच, पण डॉक्टराने त्यांतून वेगळा अर्थ काढला. १९११ च्या कायद्याने शेवटी कापड गिरण्यांतील पुरुषांचा दिवस बारा तासांचा केला.

म्हणून “अहवालात लिहिले आहे” एवढे पुरेसे नाही. अहवालात भिन्नमतही लिहिले आहे. ते कोणी वाचायचे?

१६/
मालकपक्षाच्या युक्तिवादाची तर्कशास्त्रीय बाजू तपासली तर तो स्वतःच्याच वजनाने कोसळतो.

एकीकडे ते म्हणत : कामगार सैल काम करतो, म्हणून लांब दिवसाचा त्याला त्रास नाही. दुसरीकडे म्हणत : तास कमी केले तर उत्पादन त्या प्रमाणात घटेल. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी असतील? दिवसाचा मोठा भाग खरोखरच वाया जात असेल, तर तो भाग कापल्याने उत्पादनाला धक्का लागायचे कारण नाही. आणि धक्का लागणार असेल, तर त्या तासांत काम होत होते. यातले एकच निवडावे लागते. त्यांनी सोयीप्रमाणे दोन्ही वापरले.

१७/
याची प्रत्यक्ष परीक्षा त्या सुमारास जर्मनीत झालीही होती. येना येथील झाइस कारखान्यात एर्न्स्ट आबे यांनी १९०० मध्ये दिवस नऊ तासांवरून आठ तासांवर आणला आणि वर्षभर आधीचे व वर्षभर नंतरचे काम ताडून पाहिले. दिवसाचे एकूण काम घटले नाही. उलट किंचित वाढले. थकलेला नववा तास हा आधीच्या आठ तासांतूनच वसूल होत होता, असा त्याचा अर्थ.

आबे स्वतः कारखान्याचे सूत्रधार होते, नामांकित भौतिकशास्त्रज्ञ होते. त्यांनी कामगाराच्या स्वभावाविषयी मत मांडण्याऐवजी मोजमाप केले.

१८/
मुंबईत हे औदार्य कोणी दाखवले नाही. जानेवारी १९२० मध्ये सुमारे दीड लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि महिन्याभराने मुंबईच्या गिरण्यांत दहा तासांचा दिवस आला. कायदा त्याच्या मागून आला : १९२२ मध्ये दिवसाला अकरा आणि आठवड्याला साठ तास, १९३४ मध्ये दहा आणि चोपन्न, १९४६ मध्ये नऊ आणि अठ्ठेचाळीस. १९४८ च्या कारखाना कायद्यातही हेच नऊ आणि अठ्ठेचाळीस कायम राहिले.

१९/
“हा सारा जुना वसाहतवादी पूर्वग्रह, आता तो कोण मानतो?” असे कोणी म्हणेल. मानतात. अर्थेतिहासकार ग्रेगरी क्लार्क यांचा १९८७ चा निबंध आजही वाचला जातो. त्यांचा हिशेब असा : १९१० च्या सुमारास न्यू इंग्लंडमधील एक कापड कामगार जेवढे काम करी, तेवढ्यासाठी भारत, चीन, जपान किंवा ग्रीस येथे जवळजवळ सहा कामगार लागत. यंत्रे, व्यवस्थापन, प्रशिक्षण ही कारणे एकेक करून त्यांनी बाजूला सारली आणि उरलेले कारण त्या त्या ठिकाणच्या कामगारांच्या संस्कृतीत शोधले.

क्लार्क गंभीर अभ्यासक आहेत. त्यांची आकडेवारी उडवून लावण्यासारखी नाही. माझा आक्षेप आकड्याला नाही. आकड्यानंतरच्या उडीला आहे.

२०/
त्या यादीतला एक देश पाहा : जपान. १९१० मध्ये तो भारताच्याच रांगेत उभा आहे. १९३३ मध्ये सुती कापडाच्या निर्यातीत त्याने ब्रिटनला मागे टाकले. वीस-पंचवीस वर्षांत एका देशाची “संस्कृती” बदलते का?

बदलले ते इतर सारे. वेगवेगळ्या देशांचा कापूस कुशलतेने मिसळून सूत कमी तुटेल असे केले गेले, यंत्रे सुधारली, कामाची मांडणी बदलली. आणि १९२९ मध्ये स्त्रियांच्या रात्रपाळीवर बंदी आल्यावर तिथल्या गिरण्या साडेआठ तासांच्या दोन पाळ्यांवर आल्या. तास कमी झाले, काम वाढले. वसतिगृहांत डांबलेल्या त्या जपानी मुलींचे जिणे आदर्श मुळीच नव्हते. पण “आशियाई कामगार मुळातच ढिला” हा सिद्धान्त त्यांनी कायमचा मोडीत काढला.

२१/
मग मुंबईचा विणकर दोनच साचे का सांभाळी आणि लँकेशायरचा चार का? सूत पाहा. देशी कापसाचा धागा आखूड. त्यात स्वस्त मिसळ करून जमेल तितके बारीक सूत ओढायचे, म्हणजे ते तुटणारच. सूत तुटले की साचा थांबवायचा, टोक जोडायचे, पुन्हा सुरू करायचा. साचे किती सांभाळता येतील हे हातांपेक्षा सुतावर ठरते.

१९२८ चा सहा महिन्यांचा प्रचंड संप ज्या कारणांनी पेटला, त्यांत विणकराने दोनऐवजी तीन साचे आणि त्रासनवाल्याने दुप्पट चात्या सांभाळाव्यात, ही सक्ती प्रमुख होती. कामगारपक्षाचे म्हणणे साधे होते : आधी सूत सुधारा. कापसात बचत मालकाने करायची आणि तिची भरपाई कामगाराच्या धावपळीने व्हायची, हा व्यवहार त्यांना मान्य नव्हता.

२२/
आता जे तास कोणीच मोजले नाहीत, त्यांच्याविषयी. घरी घड्याळ नाही, उशीर झाला तर दिवस बुडेल, म्हणून पहाटेच्या कितीतरी आधी उठून चालत निघणारा कामगार. गिरणीच्या दारात रोज सकाळी उभा राहणारा बदली कामगार. कोणाचा खाडा पडला आणि मुकादमाची मर्जी असली तर काम, नाहीतर रिकाम्या हाताने परत. त्या ताटकळण्याला मजुरी नव्हती आणि मस्टरात रकानाही नव्हता.

आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत मुंबईच्या गिरण्यांत सुमारे पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता. त्यांच्या दिवसाच्या एका टोकाला पाणी भरणे आणि चूल, दुसऱ्या टोकाला पुन्हा चूल. “प्रत्यक्ष काम किती” हा प्रश्न त्यांना विचारायला एकही आयोग त्यांच्या चाळीत गेला असता, तर उत्तर चौदा तासांत मावले नसते.

२३/
इथवर टाळ्या वाजवणाऱ्यांनाही दोन शब्द ऐकवले पाहिजेत.

एक : प्रत्येक विडी ही क्रांती नव्हती. कामगाराचे उठून जाणे म्हणजे भांडवलशाहीविरुद्धचा मूक प्रतिकार, असे लिहिण्याची एक लकब आहे. तिच्यातही त्या माणसाचे शरीर हरवते. त्याला भूक लागली होती, त्याचे पाय दुखत होते. एवढे कारण पुरेसे मानायला काय हरकत आहे?

दोन : लँकेशायरच्या गिरणीवाल्यांनी भारतात कारखाना कायद्याचा आग्रह धरला तो स्पर्धेच्या भीतीने, हे खरे. पण त्या कारणास्तव आपल्या राष्ट्रवादी वृत्तपत्रांपैकी बहुतेकांनी त्या कायद्यांना विरोध केला, हेही खरे. सात वर्षांच्या मुलाचे तास कमी होऊ नयेत असे म्हणणाऱ्यांत आपलीही माणसे होती. लोखंड्यांचा ‘दीनबंधु’ त्या गर्दीत वेगळा का दिसतो, ते यावरून कळते.

२४/
हे सारे आज का लिहावे? कारण तो आरोप पुन्हा वेष बदलून आला आहे. दर काही महिन्यांनी एक आकडा फिरतो : आठ तासांच्या नोकरीत माणूस खरे काम तीनच तास करतो. त्याच्या जोडीला सत्तर तासांच्या, नव्वद तासांच्या आठवड्याचे उपदेश येतात. मालकपक्षाचा १९०८ चा तोच विरोधाभास : तुम्ही काम करत नाही, म्हणून आणखी वेळ बसा.

आणि प्रश्न उपदेशापुरता राहिलेला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाच्या दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तासांपर्यंत नेण्यास आणि पहिली विश्रांती पाच तासांऐवजी सहा तासांनंतर देण्यास मान्यता दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा त्यात कायम आहे, आणि हे न सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पण बारा तासांचा दिवस आणि सहा तासांचा सलग पल्ला हे आकडे मुंबईच्या इतिहासाला नवे नाहीत. पहिला १९११ चा आहे. दुसरा कसा भोगला जाई, ते दहाव्या भागात वाचलेत.

२५/
ज्या वाचकाच्या प्रतिक्रियेने हा धागा सुरू झाला, त्यांचे आभार. त्यांनी अहवालाचा आधार घेतला, ही चांगलीच गोष्ट. माझी विनंती एवढीच, की साधनग्रंथ उघडला की तो पुरता उघडावा. आकडा कोणी नोंदवला, कोणापुढे, कोणत्या निर्णयाच्या तोंडावर, आणि ज्याच्याविषयी तो आहे त्याला बोलायला मिळाले का, हे पाहावे.

गिरणगावातून आज जाल तर त्या आवारांत काचेचे मनोरे दिसतील. आत वातानुकूलित खोल्यांत आपल्यापैकीच कित्येक जण बसलेले असतील. दुपारी चहाला खाली उतरलात आणि कोणी घड्याळाकडे पाहून भुवई उंचावली, तर संकोच करू नका. त्याच जमिनीवर, त्या पंधरा मिनिटांसाठी, ५,५०० माणसांनी सह्या केल्या होत्या. त्यांतल्या अनेकांना अक्षर येत नव्हते. त्यांनी अंगठे उठवले असतील. तो अर्धा तास त्यांनी मागून घेतला. आपण तो न मागता मिळालेला समजतो, आणि म्हणूनच तो सहज परत देऊन बसू, अशी मला भीती वाटते.

धागा समाप्त. मतभेद असतील तर खाली मांडा. पुराव्यासह मांडलेल्या प्रत्येक प्रतिवादाला उत्तर देईन.